जाहीर कधी झाले, पोचले कधी

एप्रिल २०११ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी झळकली. जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना मुंबईत बंद पडला, कारखाना गोदरेज अँड बॉईसचा. सोबत जुन्या यंत्रांची छायाचित्रे, युग संपल्याचे उसासे आणि टाइपरायटरवर कादंबऱ्या बडवणाऱ्या गोऱ्या साहेबांच्या आठवणी. बातमी वाचायला छान होती, फक्त खरी नव्हती. गोदरेजने टाइपरायटर बनवणे २००९ मध्येच थांबवले होते. २०११ मध्ये शिल्लक होती ती काहीशे यंत्रे, त्यातलीही बरीचशी अरबी लिपीची. कारखानाही मुंबईत नव्हता, शिरवळला होता आणि तिथे पुढे फ्रीज बनू लागले. शिवाय तो जगातला शेवटचा मुळीच नव्हता. अमेरिकेत एक कंपनी तेव्हाही नवे टाइपरायटर विकत होती. तिचे हुकमी गिऱ्हाईक म्हणजे तिथले तुरुंग, त्यांच्यासाठी तिने पारदर्शक प्लास्टिकचे यंत्र काढले होते, कैद्याला आत काही लपवता येऊ नये म्हणून. पुढे खुलासे आले. मथळ्याइतके ते कोणी वाचले नाहीत.

मला मात्र या चुकांपेक्षा बातमीतून जे गळाले ते जास्त खटकले. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला. कोर्टाच्या आवारात आणि तहसील कचेरीच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसणाऱ्या किती माणसांचे पोट पुढे अशा यंत्रांवर चालले! तालुक्यातालुक्याला टायपिंगचे क्लास निघाले. इंग्रजी चाळीस, मराठी तीस अशा परीक्षा देऊन कित्येक घरांतली पहिली नोकरदार मुलगी बाहेर पडली. 'शेवटचा कारखाना' या मथळ्यात यांपैकी कोणालाच जागा मिळाली नाही.

हे पुस्तक म्हणजे तंत्रज्ञानाचा दिनविशेष आहे. शाळेच्या फळ्यावर सुविचाराखाली दिनविशेष लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अमक्याचा जन्म, तमक्याचा मृत्यू, कुठेतरी तह, कुठेतरी भूकंप. तंत्रज्ञानाचा दिनविशेष लिहायचा म्हटला की आपण बहुधा अमेरिकेतली तयार यादी उतरवून घेतो. आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१, मॅकिन्टॉश २४ जानेवारी १९८४, आयफोन ९ जानेवारी २००७. या तारखा खोट्या नाहीत. पण यांतली प्रत्येक तारीख कोणीतरी मंचावर उभे राहून वस्तू दाखवल्याची आहे. ती वस्तू माणसांपर्यंत कधी पोचली, पोचल्यावर तिने काय बिघडवले, कोणी तिला भलत्याच कामाला लावले, हे यादीत नसते. रोजच्या तंत्रज्ञानाच्या बातम्यांचेही तेच. त्यांतला मोठा भाग कंपनीच्या पत्रकावरून लिहिलेला असतो, आणि स्पष्टच सांगायचे तर त्यातला बराचसा जाहिरातीच्या जवळपास जातो. म्हणून या पुस्तकात एक पथ्य पाळले आहे. घोषणेची तारीख दिली असेल तिथे ती वस्तू लोकांच्या हातात पडल्याची तारीखही शोधली आहे, आणि दोन्हींत ओढाताण झाली तेव्हा दुसरीला झुकते माप दिले आहे.

या पथ्याची गरज कुठे पडते ते ट्रान्झिस्टरच्या नोंदीवरून कळेल. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये बार्डीन आणि ब्रॅटन यांनी तो चालवून दाखवला. ३० जून १९४८ रोजी न्यूयॉर्कमध्ये तो पत्रकारांपुढे ठेवण्यात आला. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी छापली ती शेहेचाळिसाव्या पानावर, रेडिओच्या खबरबातीच्या सदरात, नव्या कार्यक्रमांच्या माहितीनंतर, अगदी शेवटी. त्या संपादकाला हसण्याचा मोह मला होत नाही. त्याच्यापुढे होती धातूची एक इवलीशी नळी, जी रेडिओतल्या व्हॉल्वचे काम करू शकत होती. मग रेडिओच्या सदरात नाही तर कुठे छापायची? ट्रान्झिस्टरवरचा पहिला खिशात मावणारा रेडिओ अमेरिकेच्या दुकानांत आला १९५४ च्या अखेरीस, ४९.९५ डॉलरला. शोधाला नोबेल मिळाले १९५६ मध्ये.

आणि आपल्याकडे? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातला पहिला पूर्ण आकाराचा अंकीय संगणक घडवला गेला. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली, आधी कधी संगणक न बनवलेल्या तरुण मंडळींनी तो उभा केला आणि १९६० मध्ये तो कामाला लागला. त्यात अडीच हजारांहून अधिक व्हॉल्व होते. जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले, 'टिफ्रॅक'. तोवर बाहेरच्या जगात ट्रान्झिस्टरची यंत्रे आली होती. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा तयार अमेरिकी संगणक येऊन बसला आणि टिफ्रॅकचे दिवस भरले. नामकरणाच्या समारंभाचे छायाचित्र देखणे आहे, ते अनेक ठिकाणी छापले जाते. मी नोंद केली आहे ती १९६० ची, कारण त्या वर्षापासून संस्थेबाहेरचे संशोधकही आपापली गणिते घेऊन या यंत्राकडे येऊ लागले. यंत्र लवकर जुने झाले, हे खरे. पण संगणक आतून कसा असतो हे ज्यांनी तिथे हाताने शिकून घेतले, त्यांचे शिक्षण जुने झाले नाही.

१९९५ च्या दोन तारखांवर या पुस्तकात जरा ऐसपैस लिहिले आहे. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. देशातला पहिला मोबाइल कॉल म्हणून तो नोंदला जातो. पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. पण 'सर्वांसाठी' म्हणजे कोणासाठी? वैयक्तिक ग्राहकाने वर्षाला ५,००० रुपये भरायचे आणि त्यात २५० तास मिळायचे. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आज आपण सहज पाठवतो तसा तीन एमबीचा एक फोटो त्या वेगाने उतरवायला चाळीस मिनिटे लागली असती, तीही मध्येच लाइन तुटली नाही तर. शिवाय इंटरनेट देशात त्या दिवशी आले असेही नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातच जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून आणि आयआयटीसारख्या संस्थांतून 'अर्नेट'च्या जाळ्यावर ई-मेल ये-जा करत होते. म्हणजे १५ ऑगस्ट ही दार उघडल्याची तारीख आहे. घरात माणसे आधीपासून होती, आणि दाराबाहेरचे बहुतेक लोक पुढची कित्येक वर्षे बाहेरच राहिले.

मोबाइलचे तर विचारूच नका. सुरुवातीला मिनिटाला सोळा-सोळा रुपये मोजावे लागत आणि समोरून आलेल्या फोनचेही पैसे भरावे लागत. ते थांबले १ मे २००३ रोजी, नवे नियम लागू झाले तेव्हा. माझ्या मते भारतात मोबाइल आला तो त्या दिवशी. ३१ जुलैची नोंद पुस्तकात आहे, पण १ मेची त्याहून मोठी आहे. (योगायोग असा की मराठी विकिपीडियाही त्याच १ मे २००३ रोजी सुरू झाला. महाराष्ट्र दिनाला वाजतगाजत सुरू झालेल्या पुष्कळ गोष्टी पुढे दिसेनाशा होतात. ही टिकली.)

याच नोंदीत मी मिस्ड कॉलविषयी लिहिले आहे, खरे तर त्याला तारीखच नाही. 'पोचलो की एक रिंग दे', 'दोन रिंगा म्हणजे खाली ये', दुधाच्या रतिबापासून प्रेमप्रकरणापर्यंत सगळे व्यवहार एक पैसा खर्च न करता चालवणारी ही युक्ती कोणत्याही प्रयोगशाळेत जन्मली नाही. ती कोणी शोधली, कोणत्या गावात, कळायला मार्ग नाही. कंपन्यांनी ती बनवली नाही, उलट तिच्यामुळे त्यांचे उत्पन्नच बुडत होते. पुढे त्याच कंपन्या 'या क्रमांकावर मिस्ड कॉल द्या' अशा जाहिराती करू लागल्या. दिनविशेषाच्या चौकटीत न बसणारी अशी गोष्ट वगळायची का? मला ते पटले नाही. म्हणून बिनतारखेच्या काही नोंदी जवळच्या तारखेला जोडून दिल्या आहेत.

१७ फेब्रुवारी २००० ची नोंद वाचून काहींना आश्चर्य वाटेल. त्या दिवशी विंडोज २००० बाजारात आली. तिच्या इतर गुणदोषांची इथे चर्चा नाही. मला महत्त्वाचे वाटते ते तिच्यासोबत आलेले 'मंगल' हे देवनागरी अक्षर. त्याआधी मराठी संगणकावर होती, नव्हती असे नाही. डीटीपीच्या दुकानांत लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळे जुळवले जात होते. पण प्रत्येक कंपनीच्या फाँटची तऱ्हा वेगळी. एका दुकानात केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि टिंबे यांचा चिखल. छापून झाल्यावर मजकूर शोधता येत नसे, दुसऱ्याला पाठवता येत नसे. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ मध्येच मिळाली होती. पण नुसती जागा मिळून काय होते? जोडाक्षरे पडद्यावर नीट उमटायला हवीत. 'मंगल'चे आरेखन केले आपल्या र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, कवी, जे. जे. कलाशाळेत आणि पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्रात अक्षररचना शिकवलेले शिक्षक. ते अक्षर सुंदर आहे असा माझा दावा नाही. पण आज फोनवर कोणी 'वाऱ्यावर सोडले' असे लिहितो तेव्हा त्यातला तो 'ऱ्या' नीट उमटण्यामागे दशकभराचे भांडण आणि खटपट आहे. हिंदीला या 'ऱ्या'ची गरज नाही, त्यामुळे आपली निकड दुसऱ्यांना पटवून द्यावी लागली. जोशींच्या या कामाची बातमी त्या वेळी कोणत्या पहिल्या पानावर आली असेल, असे मला वाटत नाही.

आता अलीकडची एक तारीख, १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या यंत्रांवर एक छोटी फाइल धाडली आणि विंडोजची यंत्रे निळे पडदे दाखवून बसली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रे. विमानतळ, रुग्णालये, बँका, वाहिन्या. आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, हैदराबादच्या एका पासाचे छायाचित्र दिवसभर फिरत होते. कंपनीने चुकीची फाइल १०.५७ ला मागे घेतली, म्हणजे ७८ मिनिटांत. पण जी यंत्रे आधीच पडली होती ती सुरूच होत नसल्यामुळे दुरून दुरुस्त करता येईनात. तंत्रज्ञांनी एकेका यंत्रापुढे बसून, ते सेफ मोडमध्ये चालू करून, ती फाइल हाताने काढली. काही ठिकाणी हे काम दिवसच्या दिवस चालले.

त्या दिवशीचे मथळे आठवून पाहा. मायक्रोसॉफ्ट कोसळले, सायबर हल्ल्याचा संशय, जग ठप्प. खरे कारण कंपनीने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सविस्तर प्रसिद्ध केले. नव्या प्रकारच्या माहितीत एकवीस रकाने होते, ती वाचणारा प्रोग्राम वीसच रकान्यांची अपेक्षा करत होता. एकविसावा वाचायला तो जिथे गेला तिथे त्याच्या मालकीचे काही नव्हते, आणि विंडोजच्या गाभ्यात असा पाय घसरला की सगळे यंत्रच खाली बसते. चाचणीत हे सापडले नाही, कारण चाचणीत एकविसाव्या रकान्यात काहीही चालेल अशी मुभा ठेवली होती. एवढी समजण्यासारखी गोष्ट! पण ती बाहेर आली तोवर लोक ऑलिंपिक पाहत होते. म्हणून या पुस्तकात १९ जुलैच्या पानावर गोंधळ थोडक्यात आणि कारण सविस्तर दिले आहे. रोजच्या बातमीला कारणासाठी थांबता येत नाही, तिला दुसऱ्या दिवशीचे पान भरायचे असते. पुस्तकाला ती घाई नाही.

काही तारखा मी जाणूनबुजून घेतल्या नाहीत. त्यांतली एक वाचक हमखास शोधतील. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईत चौपाटीवर विमान उडवले, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, आणि न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज ते पाहायला हजर होते, अशी कथा आपल्याकडे दर वर्षी फिरते. 'केसरी'त ती बातमी आली होती असेही छातीठोकपणे सांगितले जाते, पण त्या अंकाचे कात्रण कोणी पुढे ठेवत नाही. तळपदे होऊन गेले, विमानविद्येचा त्यांना ध्यास होता, यात वाद नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार या कथेला दिला जातो, त्याची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये छाननी केली. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. १८९५ च्या उड्डाणाला त्यानंतरच्या ग्रंथाचा आधार कसा चालेल, हा साधा प्रश्नही कोणी विचारत नाही. तळपद्यांवर राग म्हणून ही नोंद गाळलेली नाही. पुरावा नसलेल्या पराक्रमाच्या ओझ्याखाली त्यांनी खरोखर काय प्रयत्न केले हे शोधायचे राहून गेले, हे त्यांचेच नुकसान आहे. उद्या कोणाला समकालीन छापील पुरावा सापडला तर पुढच्या आवृत्तीत ते पान पहिले असेल.

पुस्तकात एक नोंद अजून न घडलेल्या दिवसाची आहे, १९ जानेवारी २०३८. असंख्य संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद उलटले या हिशेबाने, आणि जुन्या यंत्रांत तो आकडा ठेवायला ३२ बिटांचीच जागा आहे. ती जागा भरते त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून ऋण होतो आणि यंत्राला वाटते की आपण डिसेंबर १९०१ मध्ये आहोत. नवे फोन आणि संगणक ६४ बिटांवर गेले आहेत, त्यांना धोका नाही. प्रश्न आहे तो एकदा भिंतीत बसवून विसरलेल्या यंत्रांचा. कुठे पंपाचे नियंत्रक, कुठे लिफ्ट, कुठे कारखान्यातले मोजणीचे डबे. २९ फेब्रुवारीच्या पानावर याचीच छोटी बहीण भेटेल. २०१२ साली त्या दिवशी मायक्रोसॉफ्टची 'अझूर' सेवा बंद पडली, कारण एका प्रोग्रामने प्रमाणपत्राची मुदत ठरवताना वर्षात फक्त एक मिळवला आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख काढली.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नोंदी मुद्दाम कमी ठेवल्या आहेत. ११ मे १९९७ ला डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवले ती आहे, ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी खुले झाले तीही आहे. बाकी रोज उठून 'आजपासून जग बदलले' असे सांगणाऱ्या बातम्यांना अजून काही वर्षे वाळत घालणे बरे. त्यांतल्या कोणत्या शेहेचाळिसाव्या पानाच्या लायकीच्या होत्या आणि कोणत्या पहिल्या, हे आज ठरवायची घाई मी केलेली नाही. ज्यांना ही उणीव वाटेल त्यांनी ती खुशाल दाखवावी.

खरी मोठी उणीव वेगळी आहे. महाराष्ट्राच्या गावांच्या तारखा यात फार थोड्या आहेत. गावात पहिला सार्वजनिक फोन कधी लागला, पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ कधी उघडले आणि कधी बंद झाले, संगणकावरचा पहिला सातबारा कोणाच्या हातात पडला, बाजारात भाजीच्या गाडीवर पैसे आल्याचे सांगणारा तो बोलका डबा कोणी पहिल्यांदा ठेवला, या गोष्टी राजधानीच्या कागदपत्रांत मिळत नाहीत. त्या ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या वहीत, जुन्या बिलांत, दुकानदारांच्या चोपड्यांत, शाळेच्या स्मरणिकांत आणि स्थानिक साप्ताहिकांच्या फायलींत पडून आहेत, आणि या फायली दर पावसाळ्यात थोड्या थोड्या नष्ट होत आहेत. वाचकांना विनंती आहे की अशी तारीख हाती लागली तर ती पुराव्यासह प्रकाशकांकडे पाठवावी. नुसती आठवण नको. बिल, पावती, कात्रण, छायाचित्र, काहीही चालेल, पण कागद हवा.